शिंपल्याला भोकं पाडणारं गाव

माझ्या टेबलावर एक शिंपला आहे. तळहाताएवढा, बाहेरून काळपट तपकिरी आणि आतून चांदीसारखा लखलखीत, आणि त्याला सहा भोकं आहेत, एकदम गोल, कंपासने काढल्यासारखी. गेल्या वर्षी आयोवात मामेबहिणीकडे गेलो होतो तेव्हा तिच्या किचनच्या खिडकीत हा पडलेला होता, कुठल्यातरी गराज सेलमध्ये तिने डॉलरला घेतलेला. मला वाटलं कुणीतरी कानातले बनवायला कापला असणार. तर ती म्हणाली, "कानातले कसले रे दादा, बटणं काढून झाल्यावर उरलेला चोथा आहे हा." आणि दुसऱ्या दिवशी गाडीत घालून मला मस्कटीनला घेऊन गेली.

मस्कटीन हे मिसिसिपीच्या काठावरचं गाव, वस्ती २४ हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी तालुक्याच्या गावाएवढंच. मिसिसिपी खरंतर उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी नदी, पण डेव्हनपोर्टपासून ती चक्क पश्चिमेला वाहत येते आणि इथे येऊन पुन्हा दक्षिणेला वळते, त्या वळणावर हे गाव. आधी नाव होतं ब्लूमिंग्टन, पण त्या नावाची गावं अमेरिकेत पैशाला पासरी, टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १८४९ मध्ये मस्कटीन केलं. मार्क ट्वेनही थोडे दिवस इथे राहून गेलाय (त्याच्या भावाचा इथल्या पेपरात हिस्सा होता) आणि इथल्या उन्हाळ्यातल्या सूर्यास्ताचं त्याने नंतर तोंड भरून कौतुक केलंय, ते गावातले लोक अजून सांगतात.

आता मुद्दा. ह्या गावाने तीन वेळा नदीच्या जिवावर पैसा केला आणि दर वेळी तो पैसा आटला, कारण ज्यावर धंदा उभा होता तेच संपलं. आणि तरीही गाव ओस पडलं नाही. हे कसं झालं ते समजायला बटणाची गोष्ट सगळ्यात सोपी पडते, पण त्याआधी दोन मिनिटं लाकडाची.

पहिल्यांदा नदी म्हणजे रस्ता होता. वाफेच्या बोटी यायच्या आणि त्यांना बॉयलरसाठी सरपण लागायचं, ढिगाने. ते पुरवणाऱ्यांत एक अलेक्झांडर क्लार्क नावाचा काळा न्हावी होता, १८४२ मध्ये इथे आला, दुकान चालवायचा, बोटींना सरपण विकायचा, त्यातून जमीनजुमला केला. १८६७ मध्ये त्याच्या मुलीला, सुझनला, गोऱ्यांच्या शाळेने घेतलं नाही. हा थेट कोर्टात गेला आणि १८६८ मध्ये आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रंगावरून मुलाला वेगळ्या शाळेत घालता येणार नाही. अख्ख्या अमेरिकेसाठी असा निकाल यायला १९५४ उजाडलं, म्हणजे ८६ वर्षं आधी ह्या नदीकाठच्या गावात ते होऊन गेलं होतं. पुढे क्लार्क अमेरिकेचा राजदूत म्हणून लायबेरियात गेला आणि तिथेच वारला. ह्याच्यावर वेगळा लेख व्हायला हवा खरं तर.

दुसऱ्या वेळी नदी म्हणजे कन्व्हेयर बेल्ट. वर विस्कॉन्सिन आणि मिनेसोटात पांढऱ्या पाईनची जंगलं तोडायची, ओंडक्यांचे प्रचंड तराफे बांधायचे आणि ते पाण्यावरून खाली सोडायचे. मस्कटीनमधल्या हर्षी आणि मुसर ह्या घराण्यांच्या सॉ मिलमध्ये त्यांच्या फळ्या व्हायच्या आणि झाड नसलेल्या प्रेअरीवर घरं बांधायला रेल्वेने निघायच्या. एकोणिसावं शतक संपता संपता वरची जंगलंच संपली. तराफे येईनात. खेळ खलास.

आणि नेमक्या ह्याच वेळेला गावात एक जर्मन माणूस येऊन बसला होता.

जॉन बोपल, हॅम्बुर्गजवळच्या ओटेन्सेनचा, धंद्याने बटणं कातणारा कारागीर. शिंगाची, हाडाची, शिंपल्याची बटणं. गोष्ट अशी सांगतात की अमेरिकेतल्या कुठल्याशा नदीतले शिंपले एका पेटीतून त्याच्या वडिलांकडे आले होते आणि ह्याच्या डोक्यातून ते काही जाईनात. १८८७ मध्ये तो अमेरिकेत आला आणि नद्या धुंडाळत फिरत राहिला. माल सापडला, पण विकणार कसा? युरोपातून येणारी बटणं स्वस्त होती. मग १८९० मध्ये मॅकिन्ली टॅरिफ आला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर जबरदस्त आयात कर, त्यात बटणंही आली. परदेशी बटण एका रात्रीत महाग. १८९१ मध्ये बोपलने मस्कटीनमध्ये नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं करायला सुरुवात केली. टॅरिफने काय होतं ह्यावर हल्ली सगळेच बोलतात, त्यांनी हे उदाहरण बघावं: कराच्या एका फटक्यात धंदा उभा राहू शकतो हे खरंय, पण तो उभा राहिला की कशावर उभा राहतो तेही पुढे बघायचं.

आधी शिंपला नदीतून काढायचे कसे ते सांगतो, कारण मला ते सगळ्यात भारी वाटलं. हा प्राणी तळाच्या रेतीत अर्धा रुतून, कवच जरासं उघडं ठेवून बसलेला असतो आणि पाणी गाळून खातो. शिंपलेवाल्याची होडी सपाट बुडाची. तिच्यावर एक लांब लोखंडी दांडी, दांडीला ओळीने दोऱ्या, आणि दोऱ्यांना तारेचे हुक, ज्याला ते लोक कावळ्याचा पाय म्हणायचे, कारण दिसतो तसाच. ही दांडी तळाला सोडायची आणि होडी प्रवाहाबरोबर जाऊ द्यायची. होडी जास्त जोराने ओढली जावी म्हणून पाण्याखाली एक आडवं शीड लावायचे, त्याला म्हणायचे खेचर. हुक फिरत फिरत एखाद्या उघड्या शिंपल्याच्या फटीत शिरला की त्याला वाटतं हल्ला झाला, आणि तो गपकन मिटतो. हुक दाताखाली धरून. सोडतच नाही. म्हणजे आमिष नाही, जाळं नाही, बिचारा स्वतःच स्वतःला पकडून देतो. दांडी वर ओढली की द्राक्षांसारखे लटकलेले.

मग काठावरच्या तळांवर मोठ्या कढयांत ते वाफवायचे, कवच उघडलं की मांस काढून चाचपायचं, कारण एखाद्यात मोती निघायचा आणि तो निघाला तर घरादाराची चैन. मांस डुकरांना. उन्हाळ्यात त्या काठावर काय वास येत असेल ह्याची कल्पना करा, आपल्याकडे सुकटीच्या वाळवणापाशी नाक दाबणारे लोक तिथे पाच मिनिटं टिकले नसते.

कारखान्यात कवचं आधी पिंपात पाण्यात भिजत घालायची, सुकं कवच कापताना तडकतं म्हणून. मग कटरचं काम. लेथसारखं मशीन, त्यावर नळीच्या आकाराची फिरती करवत, वर सतत पाण्याचा फवारा. कवच हाताने धरून करवतीवर दाबायचं आणि गोल चकती बाहेर. त्या चकत्या मग घासायच्या, पुढून खोलगट करायच्या, भोकं पाडायची, पिंपात पूड घालून फिरवत पॉलिश करायच्या. आधी हे प्रत्येक काम वेगळ्या माणसाकडे होतं. मग गावातल्याच बॅरी भावंडांनी डबल ऑटोमॅटिक नावाचं मशीन काढलं जे पुढची नक्षी आणि भोकं एकाच दमात करायचं, आणि धंदा सुसाट सुटला. शेवटी बटणं पुठ्ठ्याच्या कार्डावर शिवायची, ते काम घरोघरी जायचं, बायका आणि पोरं दिव्याखाली बसून करायची, आपल्याकडे विड्या वळायचं काम घरी येतं ना, तसंच.

१९०५ पर्यंत मस्कटीन वर्षाला दीड अब्ज बटणं काढत होतं. जगातल्या बटणांच्या एक तृतीयांशाहून जास्त, असं म्हणतात. गावची वस्ती तेव्हा १५ हजाराच्या आसपास, म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी एक लाख बटणं. एका शर्टाला दहा बटणं धरली तरी पंधरा कोटी शर्ट. कमावत्या लोकांपैकी जवळपास निम्मे ह्याच धंद्यात. भोकं पाडलेली कवचं एवढी साठली की ती रस्त्यात भरणी म्हणून टाकली, कोंबड्यांना भरडून घातली, आणि तरी उरली, अजूनही गावात कुठे खणलं तर निघतात.

आता माझा शिंपला परत हातात घेतो. त्याच्या कडेला सातवं भोक आहे, अर्धवट. करवत कडेवरून घसरलेली दिसते. आधी मी म्हटलं, कारागीर कच्चा असेल. पण मजुरीचा हिशोब कळल्यावर तसं नाही वाटत. कटरला पैसे ग्रोसवर मिळायचे, १ ग्रोस म्हणजे १२ डझन, १४४ नग. पण कटर लोकांची कायमची तक्रार अशी की मालक त्यांच्याकडून १४ डझनांची ग्रोस मोजून घेतात, वरचे दोन डझन खराब निघतील म्हणून. शिवाय वाया घालवलेल्या कवचावरून बोलणी. मग एका कवचातून सहाच्या जागी सात चकत्या निघतात का ते माणूस बघणारच की. दिवसभर ओल्या कपड्यात, हवेत शिंपल्याची भुकटी, बोटं करवतीपासून सुताएवढी लांब.

१९१० मध्ये त्यांनी युनियन केली. १९११ च्या फेब्रुवारीत मालकांनी कारखाने बंद केले, म्हणजे संप नाही, टाळेबंदी. मारामाऱ्या झाल्या, एप्रिलमध्ये गव्हर्नरने मिलिशिया, म्हणजे राज्याचं सैन्य, पाठवली, आणि हे भांडण १९१२ पर्यंत चिघळत राहिलं. शेवटी कामगारांच्या हाताला फार काही लागलं नाही. ह्यात एक पोरगी होती, पर्ल मॅकगिल, शिक्षिका व्हायला पैसे जमवायचे म्हणून बटण कारखान्यात आलेली, अजून विशीही न गाठलेली. युनियनची भाषणं करत ती पार मॅसॅच्युसेट्सच्या लॉरेन्समधल्या गिरणी कामगारांच्या १९१२ च्या संपापर्यंत पोचली. नाव पर्ल, म्हणजे मोती. असं कुणी कथेत लिहिलं तर आपण म्हणू जरा जास्तच झालं.

धंदा का बुडाला ह्याचं उत्तर बहुतेक लोक एका शब्दात देतात: प्लॅस्टिक. ते अर्धंच खरं आहे. प्लॅस्टिक यायच्या आधीच नदी रिकामी होत आली होती, आणि ते का झालं हे समजायला शिंपल्याचा संसार बघावा लागतो.

मासा हजारो अंडी घालतो आणि मोकळा होतो. नदीतल्या ह्या शिंपल्यांचं तसं नाही. मादी पिल्लं आधी आपल्याच कल्ल्यांत सांभाळते. ही पिल्लं डोळ्याला जेमतेम दिसतील एवढी, आणि त्यांना पुढे काही आठवडे माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिकटून काढावे लागतात, तिथे रूप बदललं की ती गळून तळाला बसतात. मासा मिळाला नाही तर मेली. आणि कुठलाही मासा चालत नाही, प्रत्येक जातीचा ठरलेला. मग जागेवरून न हलणारी, डोळे नसलेली मादी माशाला बोलावणार कशी? लॅम्पसिलिस नावाच्या गटातल्या मादीच्या कडेच्या मांसाची झालर हुबेहूब छोट्या माशासारखी असते, डोळ्याच्या ठिपक्यासकट, आणि ती ती हलवते. मोठा मासा गिळायला येतो, तोंड मारतो, आणि तोंडभर पिल्लं घेऊन जातो. जिला डोळेच नाहीत तिने डोळेवाल्याला फसवायला डोळा काढलाय, मी हा व्हिडिओ चार वेळा बघितला.

तर एवढ्या सगळ्या द्राविडी प्राणायामानंतर तळाला पडलेलं पिल्लू बटणाच्या मापाचं व्हायला वर्षानुवर्षं लागतात. काही शिंपले माणसाएवढं जगतात. आणि वरून कावळ्याचे पाय रोज फिरतायत, मोठे-छोटे न बघता. गणित कधी जुळणारच नव्हतं.

हे सरकारलाही कळलं. १९०८ मध्ये मस्कटीनच्या वर फेअरपोर्टला संशोधन केंद्राला मंजुरी मिळाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी मासे पकडून टाक्यांत ठेवले, त्यांच्या कल्ल्यांना शिंपल्याची पिल्लं चिकटवली आणि मासे परत नदीत सोडले. आयडिया उत्तम. पण काढण्याचा वेग पेरण्याच्या कितीतरी पुढे होता, आणि वरच्या शहरांचं सांडपाणी, शेतातला गाळ हे सगळं तळावरच येऊन बसत होतं. खुद्द बोपलही शेवटी ह्या शिंपल्यांच्याच कामावर होता, सरकारी मत्स्य खात्यासाठी. शिंपल्याने पाय कापला, जखम चिघळली आणि १९१२ मध्ये त्यातच तो गेला.

आणि मग धरण. बटणवाल्यांचा सगळ्यात लाडका शिंपला म्हणजे एबनीशेल, जाड, आतून पांढराशुभ्र, चकत्या भरपूर. त्याच्या पिल्लांना एकच मासा चालायचा, स्किपजॅक हेरिंग, जो दर वसंतात खालून नदी चढून वर यायचा. १९१३ मध्ये मस्कटीनच्या खाली किओकक इथे विजेसाठी धरण पूर्ण झालं. मासा अडला. म्हणजे धरणाच्या वरचे सगळे एबनीशेल त्या दिवसापासून निपुत्रिक. मेले नाहीत, दशकानुदशकं तळाला बसून राहिले, पण नवीन पिढी नाही. आपल्याकडे गंगेवर फरक्का बंधारा झाल्यावर अलाहाबादपर्यंत जाणारी हिल्सा अडली ना, त्यातलाच प्रकार, फक्त इथे माशाबरोबर आणखी एकाचा वंश बुडाला.

मग प्लॅस्टिक आलं, झिप आली, वॉशिंग मशीन आलं ज्यात शिंपल्याच्या बटणाचे टवके उडायचे. १९६० च्या दशकात मस्कटीनमधलं शिंपल्याचं बटण संपलं.

मग गाव का नाही संपलं? माझं मत असं की बटण हा बारीक, कंटाळवाणा, पैशापैशाचा धंदा होता, आणि तो करता करता गावाला मशीनची आणि मापाची सवय लागली. काही कारखान्यांनी शिंपला सोडला आणि पॉलिस्टरच्या चकत्यांवर तेच काम सुरू ठेवलं. आणि बाकीचे धंदे शेजारी वाढतच होते. हाइन्झने १८९३ मध्येच इथे कारखाना काढलेला, पिट्सबर्गच्या बाहेरचा त्यांचा पहिला, कारण गावाच्या खालच्या रेताड जमिनीत टोमॅटो आणि कलिंगडं-खरबुजं उत्तम येतात. १९४४ मध्ये तिघांनी स्टीलची किचन कपाटं करायची म्हणून कंपनी काढली, युद्धानंतर स्टीलच मिळेना, तर उरल्यासुरल्या तुकड्यांतून पाककृतींची कार्डं ठेवायचे छोटे डबे केले, मग फायलींची कपाटं, आणि त्यातून एचएनआय ही ऑफिस फर्निचरची अवाढव्य कंपनी झाली. १९५७ मध्ये रॉय कार्व्हरने एका जर्मन माणसाची टायर रिट्रेडिंगची पद्धत विकत घेऊन बँडॅग काढली. हायवेला ट्रकवाले ज्याला कोल्ड रिमोल्ड म्हणतात ते, झिजलेल्या टायरवर आधीच तयार केलेला पट्टा चिकटवायचा. पुढे २००७ मध्ये ब्रिजस्टोनने ती घेतली. म्हणजे १८९१ मध्येही जर्मन माणसाची युक्ती आणि १९५७ मध्येही.

सगळं गोड आहे असं नाही. मक्यापासून स्टार्च, अल्कोहोल वगैरे काढणारा मोठा कारखाना गावाच्या दक्षिणेला आहे, आणि त्याच्या धुराविरुद्ध तिथले रहिवासी कोर्टात गेलेले. शी जिनपिंग १९८५ मध्ये शेतीचा अभ्यास करायला आलेला एक साधा अधिकारी म्हणून इथे एका घरात राहिला होता आणि २०१२ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष म्हणून परत भेटायला आला, हे मात्र गावात प्रत्येक जण सांगतो, आम्हाला पार्किंगवाल्याने सांगितलं.

शिंपल्यांचं पुढे काय? बटणं गेली तरी त्यांची सुटका झाली नाही. जपानमध्ये मोती पिकवतात तेव्हा कालवाच्या पोटात आधी एक गोल मणी घालतात, त्यावर थर चढत मोती होतो. तो मणी मिसिसिपी आणि तिच्या उपनद्यांतल्या जाड शिंपल्यांचा, त्याच्याइतका चांगला दुसरा मिळेना म्हणून. म्हणजे जपानी मोती कापला तर आत अमेरिकेची नदी. हिगिन्स आय नावाची जी जात आहे ती १९७६ पासून संकटग्रस्त यादीत आहे, आणि तिला वाचवायला आता परत तेच करतात जे फेअरपोर्टला शंभर वर्षांपूर्वी केलं होतं, माशांच्या कल्ल्यांना पिल्लं चिकटवून सोडतात.

घरी आल्यावर मी एक उद्योग केला. शिंपल्याचं बटण ओळखायचं कसं ते बहिणीने सांगितलं होतं: गालाला लावायचं, शिंपला असेल तर गार लागतो, प्लॅस्टिक लागत नाही, आणि मागच्या बाजूला कधीकधी सालीची तपकिरी रेघ राहिलेली असते. वडिलांचा लग्नातला एक सदरा कपाटात होता. बटणं मस्कटीनची असायचं काही कारण नाही, समुद्रातल्या शिंपल्याचीच असणार. पाच होती. एकेक गालाला लावत गेलो. चार गार लागली, खालून दुसरं नाही लागलं, आणि नीट बघितलं तर त्याचा दोराही जरा वेगळ्या पांढऱ्या रंगाचा होता.